खेळ मुलाचा, स्वप्न कुणाचं? मैदानावर पालकांनी कुठं थांबायचं

नोव्हेंबर २०२४. सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये आयपीएलचा महालिलाव सुरू होता. बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यातल्या वैभव सूर्यवंशीचं नाव पुकारलं गेलं. वय १३ वर्षं, पायाभूत किंमत ३० लाख. राजस्थान रॉयल्सने त्याला १ कोटी १० लाखांना घेतलं. पाच महिन्यांनी, २८ एप्रिल २०२५ रोजी, जयपूरच्या मैदानावर या पोराने गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. मुलाच्या क्रिकेटसाठी वडिलांनी शेतजमीन विकल्याची बातमी मग घराघरांत पोहोचली. मोहल्ल्याच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर, फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा. ‘आपल्या पोरालाही घालू या का अकॅडमीत?’

त्याच लिलावात आणखी दोन नावं पुकारली गेली होती. त्यांच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. एक मुंबईचा सरफराज खान. त्याने २००९ मध्ये, वयाच्या १२ व्या वर्षी, हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या होत्या. दुसरा विरारचा पृथ्वी शॉ. त्याने २०१३ मध्ये, १४ व्या वर्षी, त्याच स्पर्धेत ५४६ धावा केल्या. दोघंही वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेचे, दोघंही पुढे भारतासाठी कसोटी खेळले. आणि त्या दिवशी जेद्दाहमध्ये दोघांनाही कुणी विकत घेतलं नाही.

एकाच दिवसाच्या या दोन बातम्या आपण शेजारी ठेवून वाचायला हव्यात. पहिली वाचून आपण मुलाला मैदानावर नेतो. दुसरी आपल्याला सांगते, की मैदानावर नेल्यानंतरचा रस्ता किती लांब आणि किती वळणांचा आहे.

हे दडपण येतं कुठून?

आपल्या वस्त्यांमध्ये क्रिकेटचं वेड काही नवीन नाही. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मोमिनपुरा, कुठंही जा, संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉलचा सामना चालू असतो. बदललंय ते वेगळंच. पूर्वी पोरगं खेळत राहिलं तर अब्बू रागवायचे, ‘पढाई कर, खेळून पोट भरणार आहे का?’ आता तेच अब्बू रविवारी पहाटे पोराला उठवून पहिल्या लोकलने आझाद मैदानावर घेऊन जातात. हा बदल चांगलाच आहे. बाप आपल्यासोबत सीमारेषेवर उभा आहे, याचा मुलाला केवढा आधार असतो.

पण त्याच सीमारेषेवर आम्ही दुसरंही चित्र पाहतो. मुलगा बाद होऊन परततोय, आणि पॅड सोडायच्या आत वडील विचारतात, ‘तो शॉट मारायची गरज काय होती?’ शेजारी आई उभी, हातात टिफिन. मुलगा मान खाली घालून हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करतोय. असे बाप तुम्हीही पाहिले असतील. खरं सांगायचं तर आम्ही स्वतःही कधीतरी तसेच वागलो आहोत. सामना हरून परतताना गाडीत तासभर पोराला त्याच्या चुका समजावून सांगितल्या आहेत. तो ‘हो’ म्हणत राहिला. आम्हाला वाटलं, समजतंय. पुढच्या रविवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी. ते दुखणं पोटातलं नव्हतं, हे लक्षात यायला आम्हाला बरेच रविवार लागले.

यात बापाचं प्रेम कमी असतं असं कुणीही म्हणणार नाही. उलट त्याने पोटाला चिमटा काढलेला असतो. इंग्लिश विलोची बॅट, पॅड, ग्लोव्हज, स्पाइकचे बूट, अकॅडमीची फी, रोजचा प्रवास, दूध-अंडी. रिक्षा चालवणाऱ्या, लूमवर काम करणाऱ्या, छोटं दुकान सांभाळणाऱ्या घरात हा खर्च डोळ्यांत भरतो. कुणी दागिना गहाण ठेवतं, कुणी भावाकडून उसने घेतं. आणि इथेच खेळाचा रंग बदलतो. पोरगं आता नुसतं खेळत नसतं, घराने लावलेले पैसे त्याच्या बॅटवर बसलेले असतात. शून्यावर बाद झाला तर त्याला फक्त विकेट गेल्याचं दुःख होत नाही, अम्मीच्या बांगड्या आठवतात. १२ वर्षांच्या मुलाने हे ओझं घेऊन चेंडू नीट कसा पाहायचा?

नोकऱ्यांची अवस्था आपण जाणतो. आपल्या मुलांना बाहेर कुठं दार उघडं मिळेल, कुठं नाही, याची धास्ती घरात असते. त्यामुळे खेळ हे एक दार दिसलं, की सगळं घर त्या एकाच दारावर धडका मारतं. ही धडपड आम्हाला समजते. पण एकच दार म्हटलं की मुलाला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही.

चौदा वर्षं आणि अकरा वर्षं

सरफराजचंच पाहा. ४३९ धावांची ती खेळी नोव्हेंबर २००९ ची. कसोटीची टोपी त्याला मिळाली १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, राजकोटमध्ये, इंग्लंडविरुद्ध. मधे १४ वर्षं गेली. रणजीमध्ये धावांचे डोंगर रचूनही निवड होत नव्हती. अनिल कुंबळेंनी टोपी दिली तेव्हा वडील आणि प्रशिक्षक नौशाद खान मैदानावरच रडले. ते दृश्य पाहून आपल्यापैकी कितीजणांचे डोळे पाणावले असतील! त्या कसोटीत सरफराजने ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० केल्या. आणि तरीही २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं.

नौशादभाईंची शिस्त कडक, हे सर्वांना माहीत आहे. त्यांचं उदाहरण देऊन अनेक वडील म्हणतात, ‘बघा, दाबलं म्हणूनच झाला.’ आम्हाला यात एक चूक दिसते. आपण त्या एका बापाला पाहतो ज्याचा मुलगा पोहोचला. तेवढीच कडक शिस्त लावलेले, तेवढाच घाम गाळलेले शेकडो बाप त्याच मैदानांवर आहेत, त्यांच्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. कडकपणाने मुलगा भारतीय संघात जातो, असं यातून सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं, की १४ वर्षं वाट पाहायची तर खेळाची गोडी मुलाच्या स्वतःच्या आतून यावी लागते. बाप १४ वर्षं ढकलत राहू शकत नाही.

निखत झरीनची गोष्टही अशीच. तेलंगणातल्या निजामाबादची ही मुलगी २०११ मध्ये कनिष्ठ गटात बॉक्सिंगची जगज्जेती झाली. वरिष्ठ गटातलं सुवर्ण मिळालं २०२२ मध्ये, इस्तंबूलला. मधे ११ वर्षं. त्यात खांद्याची दुखापत, रिंगपासून दूर राहणं, निवडीसाठीचा झगडा, सगळं आलं. २०२३ मध्ये दिल्लीत ती पुन्हा जगज्जेती झाली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पदकाविना परतली. वडील जमील अहमद स्वतः खेळाडू होते. मुलगी शॉर्ट्स घालून खेळते म्हणून लोक बोलत असताना ते तिच्या मागे उभे राहिले. आम्हाला वाटतं, चांगल्या पाठिंब्याचा अर्थ इथे कळतो. तिला रिंगमध्ये ढकलण्यापेक्षा रिंगपर्यंतचा रस्ता अडवणाऱ्या लोकांना बाजूला करणं, हे बापाचं काम होतं.

एका वडिलांनी परत केलेली मदत

आता एक गोष्ट, जी आपण विसरत चाललो आहोत. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणमध्ये प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने भंडारी चषकात नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षाचालक. जगभर बातमी झाली. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. त्यानंतर प्रत्येक सामन्यात लोक तोच प्रणव शोधू लागले. धावा आटल्या. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. मुलगा पुन्हा चांगला खेळू लागला तर तेव्हा विचार करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

रिक्षाचालकाच्या घरात दरमहा १० हजार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरी त्या बापाने ते नाकारले. या निर्णयाची बातमी १००९ धावांइतकी मोठी झाली नाही. आमच्या मते व्हायला हवी होती. मुलाच्या डोक्यावरचा हिशेब उतरवण्यासाठी घराने पैसे सोडले, याहून मोठा आधार कोणता?

डॉक्टर काय सांगतात?

दडपणाचा परिणाम फक्त मनावर होत नाही. वाढत्या वयातली हाडं अजून पक्की झालेली नसतात. १३-१४ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला रोज नेटमध्ये तासन्‌तास पळवलं, की कंबरेच्या मणक्याला बारीक तडे जाऊ शकतात. म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयानुसार षटकांची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे मात्र पोरगा सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून आणि रात्री टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये गोलंदाजी करतो, आणि त्याने दिवसभरात किती चेंडू टाकले हे कुणीच मोजत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, सल्ला सोपा आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला पूर्ण सुट्टी. वर्षातून एकूण तीन महिने तोच खेळ बंद. आणि १५-१६ वर्षांपर्यंत शक्यतो एकाच खेळाला जुंपू नये. ‘असं केलं तर मुलगा मागे पडेल’ ही भीती आम्हालाही वाटायची. मग जेमिमा रॉड्रिग्जकडे पाहावं. मुंबईची ही मुलगी लहानपणी महाराष्ट्राच्या ज्युनिअर संघांकडून हॉकीही खेळली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. हॉकीने तिचं क्रिकेट काही बुडालं नाही.

सामन्यानंतर तिने जे सांगितलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्पर्धेच्या काळात तिला चिंतेने घेरलं होतं. आईला फोन करून ती रडायची. देशासाठी खेळणारी, पंचविशीतली मुलगी हे सगळ्यांसमोर बोलली. आपल्या १२ वर्षांच्या पोराला घरात रडायची मुभा आहे का? की ‘मर्द बन’ म्हणून आपण त्याचं तोंड बंद करतो?

नॉर्वेचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथे १३ वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांमध्ये उतरवता येत नाही. अगदी लहान वयात क्रमवारी लावायलाही बंदी आहे. मुलांनी मित्रांसोबत मजेत खेळावं, हा तिथे मुलांचा हक्क मानला जातो. जेमतेम ५५ लाख लोकसंख्येच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली, सगळ्या देशांत सर्वाधिक. बर्फ, पैसा, सोयी हे सगळं त्यांच्याकडे आहे, हे खरं. पण लहानपणी स्पर्धा कमी केल्याने ते दुबळे झाले नाहीत, एवढं नक्की.

पहिलं खोटं घरातून नको

एक कडू विषय टाळून चालणार नाही. वय कमी दाखवण्याचा. १४ किंवा १६ वर्षांखालच्या संघात बसावा म्हणून जन्मदाखल्यात दोन वर्षं इकडची तिकडे केली जातात. बीसीसीआय हाडांची चाचणी करते, आणि २०२० मध्ये बोर्डाने स्पष्ट केलं, की वयाची लपवाछपवी पकडली गेली तर दोन वर्षांची बंदी. पण बंदीपेक्षा मोठं नुकसान आधीच झालेलं असतं. मुलाला कळतं, की अब्बूंना माझ्या खरेपणापेक्षा माझी निवड प्यारी आहे. औलाद ही अमानत आहे, असं आपण म्हणतो. अमानतीत खयानत खोट्या कागदानेही होते.

मुलांना ढकलतो, मुलींना ओढतो

आपल्या घरांत दडपणाची दुसरी बाजूही आहे. मुलाला पहाटे उठवून मैदानावर नेणारं घर मुलगी ११-१२ वर्षांची झाली, की तिला म्हणतं, ‘आता बस्स झालं खेळणं.’ वरवर या दोन उलट गोष्टी वाटतात. मूळ मात्र एकच. दोघांनाही कुणी विचारलेलं नसतं, तुला काय हवंय?

पोशाखाचं कारण आता पूर्वीसारखं अडत नाही. फिफाने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तो आपल्याही मुलींनी टीव्हीसमोर बसून पाहिला. सुरक्षित मैदान, येण्याजाण्याची सोय, महिला प्रशिक्षक, नमाजची आणि शाळेची वेळ सांभाळणारं वेळापत्रक, या गोष्टींची मागणी पालकांनी एकत्र येऊन केली तर मुलींचा रस्ता बराच मोकळा होईल. आणि तिलाही शर्यत जिंकायलाच हवी असं नाही. नुसतं मनसोक्त धावायला मिळणं हीदेखील मोठी गोष्ट आहे.

मग करायचं काय?

आम्ही काही प्रशिक्षक नाही. पण मैदानावर उभं राहून, स्वतःच्या चुका करून जे कळलं ते असं.

सामना संपल्यावर घरी पोहोचेपर्यंत खेळाचा विषय काढायचा नाही. ‘भूक लागली का?’ एवढं पुरे. मुलाला बोलायचं असेल तर तो स्वतः बोलेल. चुका सांगायचं काम कोचचं आहे, आणि त्याचे आपण पैसे भरतो. सीमारेषेवरून दुसरा कोच सुरू झाला की मुलगा दोन मालकांचा नोकर होतो.

खर्च झेपेल तेवढाच करायचा, आणि त्याचा हिशेब मुलासमोर मांडायचा नाही. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं. कर्ज काढून अकॅडमी लावायची वेळ आली असेल तर आधी शाळेचा संघ, स्थानिक क्लब, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या योजना पाहून घ्याव्यात.

दुखतंय म्हटलं की खेळ थांबवायचा. ‘निवड झाल्यावर बघू’ म्हणायचं नाही. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या मुलाचा सराव कमी करायला किंवा वेळ बदलायला कोचशी आधीच बोलून ठेवावं. चांगला कोच ऐकतो. आणि कोचच्या नावानेच मूल गप्प होत असेल तर ते का, हे शांतपणे विचारायचं.

शाळा सोडायची नाही. दहावीचं वर्ष क्रिकेटवर ओवाळून टाकणारी घरं आम्ही पाहिली आहेत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीही पदाला लागणारं शिक्षण लागतंच. शिवाय खेळ म्हणजे फक्त भारतीय संघ नव्हे. बसचालकाचा मुलगा वसीम जाफर भारतासाठी ३१ कसोटी खेळला, पण त्याचं खरं राज्य रणजीमध्ये होतं. १२ हजारांहून अधिक धावा करून त्याने तिथे नाव कमावलं, नंतर प्रशिक्षक झाला. पंच, स्कोअरर, फिजिओ, क्रीडा शिक्षक, खेळपट्टी तयार करणारा, या सगळ्यांची घरं खेळावरच चालतात.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दरवर्षी हंगाम संपल्यावर, जिंकण्या-हरण्याची धूळ बसल्यावर, मुलाला एकदा विचारायचं, ‘पुढच्या वर्षी खेळायचंय का?’ विचारताना आपल्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं नको. तो ‘नाही’ म्हणाला तर घरात मातम नको. ‘ठीक आहे बेटा’ म्हणता आलं पाहिजे. ज्या मुलाला थांबायची मोकळीक आहे, तो ‘हो’ म्हणतो तेव्हा ते ‘हो’ त्याचं स्वतःचं असतं. मग १४ वर्षं वाट पाहावी लागली तरी तो पाहील.

आमच्या घरात हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘खेळायचंय, पण तुम्ही रोज यायचं नाही.’ आता आम्ही महिन्यातून एकदा जातो. लांब, झाडाखाली बसतो. पोटात दुखणं थांबलंय. धावा किती करतो ते विचारू नका, आम्हीही विचारत नाही.